पाटी, पट्टी आणि पटांगण

आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे १४१वे अधिवेशन ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलात भरले आणि त्या महिन्याच्या १६ तारखेस २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पाच खेळांना मंजुरी मिळाली, तेव्हा आपल्याकडे चर्चा झाली ती अर्थातच क्रिकेटची. कारण १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकनंतर क्रिकेट पुन्हा त्या दरबारात रुजू होणार होते आणि आपल्या लोकांचा जीव त्या खेळात गुंतलेला. त्याच ठरावाने फ्लॅग फुटबॉल नावाचा एक अमेरिकन खेळ प्रथमच ऑलिंपिकच्या पंक्तीस बसला, याकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष गेले नाही. एक महागडा, धोक्याचा आणि मूठभरांच्या आवाक्यातला खेळ पोरासोरांना परवडेल असा कसा झाला, याची ही हकीकत आहे. आणि ज्या प्रांताने हुतुतू, खोखो व आट्यापाट्या जोपासल्या त्या प्रांताच्या माणसाने ती विशेष लक्ष देऊन वाचावी, कारण ही वाट आपण शंभर वर्षांपूर्वीच चाललो आहोत आणि ती पुढे कोठे अडते हेही आपल्याला अनुभवाने ठाऊक आहे. ती जेथे अडते ते ठिकाण अधिवेशनाच्या त्या मंडपापासून फार लांब नाही. मुंबईच्या उत्तरेस, वसईच्या खाडीच्या मुखाशी, मिरा-भाईंदर महानगरपालिकेच्या हद्दीत चौक नावाचे एक कोळ्यांचे गाव आहे; या निबंधाचा शेवटचा हिशेब आपल्याला तेथे जाऊन करावयाचा आहे.

अमेरिकन फुटबॉल हा मुळात सधन विद्यापीठांतला खेळ आणि त्याचे सारे मर्म अंगबळात. चेंडू घेऊन धावणाऱ्यास कवेत घेऊन जमिनीवर आदळणे ही त्यातली मुख्य क्रिया. १९०५ च्या एकाच हंगामात अठराच्या आसपास खेळाडू प्राणास मुकले, तेव्हा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टन या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना पाचारण करून समज द्यावी लागली. पुढच्याच वर्षी नियम बदलले आणि चेंडू हाताने पुढे फेकण्याची मुभा मिळून खेळाची दाटी थोडी मोकळी झाली. तरीही आघात राहिला तो राहिलाच, आणि आघातामागोमाग शिरस्त्राण, खांद्यांचे कवच, गुडघ्यांचे गादीपट्टे असा सरंजाम आला. खर्चाचे मूळ येथे आहे. ज्या खेळात देहाला इजा करण्याची परवानगी असते त्या खेळात देह झाकण्याचा खर्च अपरिहार्य असतो, आणि तो खर्च ज्याच्या बापाला झेपेल त्याचाच मुलगा मैदानात उतरतो.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या लष्करी तळांवर या गोष्टीवर तोड निघाली. शिपाई हातपाय मोडून घेऊन रणाआधीच रुग्णालयात पडणे सरकारला परवडणारे नव्हते, आणि फुटबॉलवाचून शिपायांना करमत नव्हते. तेव्हा आडवे पाडण्याऐवजी कमरेला लटकविलेली पट्टी हिसकली की गडी अडला असे मानावे, अशी पद्धत १९४० च्या दशकात रूढ झाली. आज त्या खेळाचे आंतरराष्ट्रीय रूप असे आहे: बाजूला पाच गडी, पन्नास यार्ड लांब व पंचवीस यार्ड रुंद मैदान, त्याच्या दोन्ही टोकांस दहा-दहा यार्डांचे गुणक्षेत्र, आणि प्रत्येकाच्या कमरपट्ट्याला दोन्ही कुल्ल्यांवर लोंबणाऱ्या दोन पट्ट्या. चार प्रयत्नांत मैदानाचा मध्य गाठावयाचा, तो गाठला की गुणक्षेत्र गाठण्यासाठी आणखी चार प्रयत्न मिळावयाचे, आणि चेंडू तेथे पोहोचला की सहा गुण. धावणाऱ्याने हाताने स्वतःची पट्टी झाकली तर तो दोष. जवळून पाहिले असता या एका नियमात सारा खेळ साठलेला दिसतो: प्रतिस्पर्ध्याचा हात कमरेशी येत असताना धावणाऱ्याने आपला हात मध्ये घालावयाचा नाही, केवळ कंबर लचकवून, पाऊल फसवून, गिरकी घेऊन सुटावयाचे, आणि पकडणाऱ्यानेही अंगाला अंग न भिडवता बोटांच्या चिमटीत ती वीतदीड वीत लांबीची पट्टी ओढावयाची. अंगबळाची जागा चापल्याने घेतली, कवचाचे प्रयोजन संपले, आणि चेंडू व पट्ट्या एवढ्या सामानावर मुलामुलींचे दोन संघ उभे राहू लागले. अमेरिकेतील कित्येक राज्यांत आज तो शालेय मुलींचा मान्यताप्राप्त खेळ आहे.

आट्यापाट्या ज्याने पाहिल्या आहेत त्याला या साऱ्यात नवल वाटण्याजोगे काही सापडणार नाही. आपल्या या खेळाच्या पाट्या म्हणजे जमिनीवर आखलेले, तेरा इंच रुंदीचे आडवे पट्टे. असे नऊ पट्टे अकरा-अकरा फुटांच्या अंतराने आखावयाचे, प्रत्येकाची लांबी तेवीस फूट एक इंच, आणि त्या साऱ्यांना मधोमध छेदीत जाणारी एकोणनव्वद फूट एक इंचाची सूरपाटी. पहिली ती कपाळपाटी, शेवटची ती लोणपाटी. एका पक्षाचे नऊ गडी पाट्या धरून उभे राहतात आणि दुसऱ्या पक्षाच्या नऊ गड्यांनी त्यांचा स्पर्श चुकवून एकेक पाटी ओलांडीत लोणपाटीपर्यंत जावयाचे व तसेच परतावयाचे असते. पाटी धरणाऱ्याने पाय पाटीबाहेर टाकावयाचा नाही. सूरपाटीचा गडी मात्र उभा धावू शकतो, आणि तो व आडव्या पाटीचा गडी एका विचाराने हलले की मधल्या चौकोनात सापडलेल्याची जी कोंडी होते ती फोडण्यातच खेळाडूचे कसब लागते. तो एका अंगाने हूल देतो, सूर तिकडे झुकतो, पाटीवाल्याचा हात क्षणभर लांब पडतो आणि तेवढ्या फटीतून हा दुसऱ्या अंगाने निसटतो. चेंडू नाही, दांडू नाही, गणवेश नाही. फक्की नसली तर चुलीतली राख आणि राख नसली तर टाचेने ओढलेली रेघ पुरते. स्पर्श हाच निर्णय मानल्यामुळे खेळातून साधन गळून पडले, हे तत्त्व अमेरिकन शिपायांना महायुद्धाने शिकविले. आपल्या गावकुसातल्या पोरांना ते दारिद्र्याने आधीच शिकविले होते. तुकोबांच्या गाथेत चेंडूफळी, विटीदांडू, हुतुतू अशा खेळांवरचे अभंग आढळतात, यावरून हे खेळ सतराव्या शतकात किती अंगवळणी पडलेले होते याची कल्पना येते.

परंतु गावोगाव खेळले जाणे निराळे आणि प्रांतभर एका नियमाने खेळले जाणे निराळे. इंग्रजी अमलात येथे जे साहेबी खेळ आले ते क्लबांच्या आवारात आले आणि त्यांचा खर्चही साहेबी होता. कलकत्त्याच्या रग्बी क्लबाची गोष्ट प्रसिद्ध आहे: १८७३ मध्ये स्थापन झालेला हा क्लब पाच-सहा वर्षांतच मोडला, तेव्हा बँकेतील शिलकेचे २७० चांदीचे रुपये वितळवून एक चषक घडविण्यात आला, आणि इंग्लंड व स्कॉटलंड त्या कलकत्ता चषकासाठी आजही झुंजतात. ज्या काळी शिलकी रुपये आटवून चषक करण्याची ऐपत एका बाजूस होती त्याच काळी दुसऱ्या बाजूस आपल्या विद्यार्थ्यास चामड्याचा चेंडू हीच चैन होती. आणि म्हणून पुढे राष्ट्रीय जागृतीच्या दिवसांत देशी खेळांचा पुरस्कार झाला तो जितका अभिमानापोटी तितकाच काटकसरीच्या हिशेबापोटीही झाला असे म्हणावयास हरकत नाही.

या कामाची धुरा पुणे, सातारा, बडोदे आणि अमरावती येथील मंडळींनी वाहिली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास खोखोचे नियम बांधले. बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने स्पर्धा भरवून व नियम छापून त्यांना प्रांताबाहेर नेले. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने १९३० च्या दशकात त्यांची पुन्हा एकवार शिस्तशीर मांडणी केली. वैद्य बंधूंनी स्थापिलेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीस गेले आणि तेथे त्याने देशी व्यायामप्रकारांसह हुतुतूचे प्रात्यक्षिक दाखविले. बडोद्यासच दत्तात्रय चिंतामण करंदीकर तथा मुजुमदार यांनी व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले. टाचेने रेघ ओढून खेळावयाच्या खेळांसाठी इतका कागद आणि इतकी शाई खर्ची पडावी याचे आज कोणाला हसू येईल. पण नियम एक झाल्यावाचून परगावच्या संघाशी खेळता येत नाही, आणि परगावच्या संघाशी खेळल्यावाचून मुलाला आपली लायकी कळत नाही, हे त्या पिढीने ओळखले होते.

हुतुतूच्या नियमांत तर एक सामाजिक विचारही दडलेला आहे. हा खेळ पूर्वी तीन तऱ्हांनी खेळला जाई. गामिनीत एकदा बाद झालेला गडी डाव संपेपर्यंत बाहेरच बसे. अमर या प्रकारात बाद होऊनही कोणी बाहेर जात नसे, केवळ गुणाची नोंद होई. आणि संजीवनीत आपल्या गड्याने प्रतिपक्षाचा गडी मारला की आपला बाहेर बसलेला एक गडी उठून पुन्हा आत येई. आजच्या कबड्डीने मुख्यतः संजीवनीचा मार्ग पत्करला. दुबळ्या गड्यालाही पुन्हा पुन्हा डावात घेणारा हा नियम आहे, आणि मुलांच्या खेळात दुबळ्या मुलाला बाहेर बसवून ठेवण्यासारखा दुसरा अपव्यय नाही. स्वस्ताईचा अर्थ केवळ सामानाचा खर्च कमी असा नाही. ज्याच्या अंगी फारसे बळ नाही त्यालाही डावात जागा असणे, हाही त्या अर्थाचाच भाग होय.

नियम बांधले, साधने नकोत असे ठरले. तरी एक वस्तू उरतेच आणि ती म्हणजे जमीन. कबड्डीस तेरा मीटर लांब व दहा मीटर रुंद जागा पुरते, खोखोस सत्तावीस मीटर लांब व सोळा मीटर रुंद, पण ती सपाट, मोकळी आणि रोज संध्याकाळी हक्काची असावी लागते. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात ही जमीन तालमींनी दिली, शाळांनी दिली, देवळांच्या प्राकारांनी दिली. मुंबईच्या गिरणगावात चाळींच्या आवारांनी दिली, जेथे पाळी सुटलेला कामगार मातीवर पाणी मारून मैदान आखी आणि रात्री गॅसबत्तीच्या उजेडात सामने रंगत. १९५३ च्या मुंबई कामगार कल्याण निधी अधिनियमान्वये कामगार, मालक व सरकार यांच्या वर्गणीतून कामगार कल्याणाचे जे काम उभे राहिले त्यातही खेळास स्थान होते. खेळ फुकट दिसतो तेव्हा त्याचा खर्च कोणीतरी निमूटपणे सोसलेला असतो, आणि त्या काळी तो सोसणारे होते संस्थांचे कार्यकर्ते; शंकरराव तथा बुवा साळवी यांच्यासारख्यांनी कबड्डीपायी उभे आयुष्य वेचले ते याच परंपरेत.

पुढे या खेळांचे भाग्य उजळले आणि भाग्याबरोबर खर्चही परतला. १९५० मध्ये कबड्डीची अखिल भारतीय संघटना झाली, १९९० च्या बीजिंग आशियाई स्पर्धांत कबड्डी पदकासाठी खेळली गेली, २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग आली आणि खोखोपटू २०२२ पासून अल्टिमेट खोखो लीगमध्ये व २०२५ च्या जानेवारीत दिल्लीच्या विश्वचषकात दूरचित्रवाणीवर झळकले. खेळाडूंना पैसा मिळाला, लौकिक मिळाला. हे इष्टच झाले. पण मातीचे मैदान जाऊन मॅट आली, आणि मॅटसाठी बूट आले, छप्पर आले. मातीवर अनवाणी तयार झालेल्या मुलाचा पाय मॅटवर निराळ्या तऱ्हेने पडतो. म्हणून ज्याला वरच्या पायरीवर जावयाचे त्याने सराव मॅटवरच करावयास हवा, आणि मॅट ही टाचेने ओढावयाची रेघ नव्हे. आट्यापाट्यांच्या वाट्याला असले भाग्य आले नाही; त्या स्वस्त राहिल्या आणि हळूहळू दृष्टीआड झाल्या. एका खेळास यशाने महाग केले, दुसऱ्यास उपेक्षेने जपले आणि मारलेही.

आता चौकाकडे वळू. भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेस मुर्धे, राई, मोर्वे अशी गावे मागे टाकीत रस्ता जातो तो उत्तन-डोंगरीच्या टापूत. त्या टापूचे जुने नाव धारावी बेट, आणि त्याच्या उत्तर टोकाशी, खाडीपलीकडे वसईचा किल्ला समोर ठेवून चौक वसले आहे. चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेत या बेटाचे महत्त्व फार होते, कारण धारावीचा ठाणेदार ज्याचा त्याच्या हाती खाडीच्या तोंडाच्या नाड्या. मराठ्यांनी १७३९ च्या मार्चात धारावी घेतली आणि मे महिन्यात वसई पडली. बखरींत व पत्रव्यवहारात या बेटाचा उल्लेख येतो तो मोर्चे, तोफा आणि रसद यांच्या संदर्भात. आज तेथे धारावी देवीचे देऊळ आहे, खाली कोळीवाडा आहे, आणि ख्रिस्ती व हिंदू कोळी, आगरी अशी मिश्र वस्ती आजूबाजूस नांदते.

कोळीवाड्यातली मोकळी जमीन कधी पूर्ण मोकळी नसते. पावसाळा सरला की किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या उभ्या राहतात आणि बोंबलांच्या जोड्या, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवून, त्यांवर वाळत पडतात. खाली जवळा अंथरलेला असतो. जून व जुलै हे मासेमारीबंदीचे दोन महिने. त्या काळात होड्या वर ओढून शाकारल्या जातात. उरलेल्या जागेत, वलांड्यांच्या व होड्यांच्या मधल्या पट्ट्यात, मुले खेळतात. ही जागा पिढ्यानपिढ्यांच्या वहिवाटीने त्यांची आहे. पण वहिवाट ही सातबाऱ्यावर क्वचितच दिसते, आणि कोळीवाड्यांच्या सीमांकनाची मागणी मुंबई-ठाण्याच्या किनाऱ्यावर वर्षानुवर्षे होत आली आहे ती याच कारणाने. जी जमीन कागदावर कोणाचीच नसते ती एखाद्या दिवशी दुसऱ्या कोणाची तरी निघते.

त्या कागदामागे उभे असलेले शहर फार वेगाने वाढले. भाईंदर, मिरे आदी गावे मिळून १९८५ मध्ये नगरपालिका झाली. १९९१ च्या जनगणनेत तिची वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती, २००२ मध्ये महानगरपालिका झाली आणि २०११ मध्ये वस्ती आठ लाखांवर गेली. जेथे मिठागरे व भातखाचरे होती तेथे इमारती आल्या. १९६६ च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार विकास आराखड्यात क्रीडांगणासाठी भूखंड राखून ठेवता येतात. परंतु त्याच अधिनियमाच्या १२७व्या कलमानुसार दहा वर्षांत ती जमीन संपादन झाली नाही तर मालकास नोटीस बजावता येते आणि विहित मुदतीत प्राधिकरणाने हालचाल केली नाही तर आरक्षण रद्द होते. नकाशावरचे हिरवे रंगविलेले मैदान असे दप्तरातल्या दप्तरात नाहीसे होऊ शकते. त्याची पोकळी भरून काढावयास आज टर्फ आले आहेत: जाळीने वेढलेला कृत्रिम हिरवळीचा तुकडा, तासावर भाड्याने. ज्या जागेत एकेकाळी टाचेने रेघ ओढून दोन तास खेळ होई तेवढ्याच जागेत आता घड्याळ लावून खेळावे लागते.

अशा ठिकाणी फ्लॅग फुटबॉलचे भवितव्य काय? अमेरिकन फुटबॉलचा सारा सरंजाम येथे आणण्याचा प्रयत्न एकदा झाला आहे. २०११ मध्ये जाहीर झालेल्या एलिट फुटबॉल लीगमध्ये पुणे मराठाज व मुंबई ग्लॅडिएटर्स असे संघ होते, पण गाजावाजाच्या मानाने त्या रोपट्याने मूळ धरले नाही. उलट, बॉम्बे जिमखान्यात रग्बी खेळणाऱ्या मॅथ्यू स्पेसी यांनी रस्त्यावरच्या मुलांच्या हाती तोच लंबगोल चेंडू दिला आणि १९९९ मध्ये त्यातून मॅजिक बस ही संस्था निघाली. यावरून बोध स्पष्ट आहे: कवच आणणारे टिकले नाहीत, चेंडू देणारे टिकले. फ्लॅग फुटबॉलमधील पट्ट्या कोणत्याही शिंप्याला कापडाच्या करता येतील. धावणे, हूल देणे, कंबर चुकविणे हे आट्यापाट्या व खोखो खेळलेल्या मुलामुलींच्या रक्तात आहे. आणि बाजूस पाचच गडी लागत असल्यामुळे लहान गावालाही संघ करता येईल. सामानाचा प्रश्न फारसा उरलेला नाही.

परंतु या खेळावरही ते संकट आता येऊ पाहते जे कबड्डीवर आले. ऑलिंपिकची मोहर उमटल्यावर व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलच्या संघमालकांनी मे २०२५ मध्ये आपल्या खेळाडूंना लॉस एंजेलिसला उतरण्याची मोकळीक दिली. पैसा आला की पट्ट्या ठरावीक कारखान्याच्या, चेंडू ठरावीक छापाचा, मैदान ठरावीक हिरवळीचे, अशी मागणी यावयास वेळ लागत नाही. तेव्हा जे या प्रांतात हा खेळ आणू इच्छितात त्यांनी शंभर वर्षांपूर्वीच्या आपल्या पूर्वसूरींचा क्रम उलटा करू नये. त्यांनी आधी नियम मराठीत बांधले व छापले, मग स्पर्धा भरविल्या, आणि प्रत्येक ठिकाणी एक तालीम किंवा एक शाळा आपल्या आवारासह पाठीशी उभी केली. बक्षिसे, गणवेश आणि परदेशवाऱ्या हे सारे मागाहून आले. शालेय स्पर्धा मातीवरच व्हावी, घरी शिवलेली पट्टी तेथे ग्राह्य धरावी, आणि पंचांचे मानधन व प्रवासखर्च संघांच्या माथी न मारता पालिकेच्या क्रीडा विभागाने सोसावा, एवढी तीन कलमे सुरुवातीसच लिहून ठेवली तर पुष्कळ साधेल. चौथे कलम कोणत्याही क्रीडा संघटनेच्या अधिकारातले नाही, आणि म्हणूनच ते नागरिकांनी आपले मानले पाहिजे: आराखड्यातले प्रत्येक क्रीडांगण दहा वर्षांच्या आत संपादन झाले की नाही हे विचारणे, आणि चौकसारख्या गावांतली वहिवाटीची जागा दप्तरी नोंदवून घेणे. खेळ स्वस्त करण्याचे काम नियमकर्त्यांनी केव्हाच पार पाडले आहे. तो स्वस्त ठेवण्याचे काम महसूल खात्याच्या व नगररचनेच्या कचेऱ्यांत व्हावयाचे आहे, आणि ते काम खेळाडूंचे नसून त्यांच्या वडीलधाऱ्यांचे आहे.